बदली एकाची, बिऱ्हाड दोघांचे

नागरी सेवा परीक्षेचा निकाल लागतो. घरात पेढे येतात, निगडीच्या किंवा मोशीच्या सोसायटीच्या फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स झळकतो. सेवा मिळालेली असते भारतीय परराष्ट्र सेवा. पाहुणे पांगले, फोन थांबले की घरातले कोणी तरी हळूच विचारते, ‘आणि जावईबापूंच्या नोकरीचे काय?’ जावईबापू चाकणला गाडीच्या कारखान्यात टूलरूम सांभाळत असतात. काही घरांत निवड मुलाची झालेली असते आणि प्रश्न सुनेच्या नोकरीचा असतो. मात्र तिथे तो विचारलाही जात नाही, उत्तर ठरलेलेच आहे असे धरून सगळे पुढे जातात. हे चित्र कोणा एका घराचे नाही. पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात असे घर कुठे असू शकेल, हे इथल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

परराष्ट्र सेवेत दरवर्षी साधारण ३० ते ५५ जण येतात. आकडा लहान आहे. पण परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३२, इतर मागासवर्गीयांसाठी ३५ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ३७ वर्षे आहे. त्यामुळे निवड होते तेव्हा अनेकांची लग्ने झालेली असतात किंवा ठरलेली असतात. जोडीदारही शिकलेला, स्वतःच्या कामात पाच-सात वर्षे मुरलेला असतो. त्याने किंवा तिने बरोबर जायचे का, कधी जायचे, आणि जाऊन करायचे काय, या प्रश्नावर आजवर काय विचार झाला आणि तो कुठे येऊन थांबला आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न.

कारखान्याचे काम पेटीत भरता येत नाही

या पट्ट्यात हा प्रश्न जरा जास्त टोकदार का होतो, ते आधी पाहायला हवे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को, आणि अलीकडच्या काळात चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र. सत्तर वर्षांत इथे जे कसब साठले ते यंत्राजवळ उभे राहून करायचे कसब आहे. डायची ट्रायल, व्हेंडरच्या कारखान्यातले ऑडिट, नवा भाग मंजूर करून घेण्यासाठी पीपीएपीची फाइल, रात्रपाळीत बंद पडलेली लाइन. पवनेच्या पलीकडे हिंजवडीत संगणकावर काम करणारी सून निदान विचारू तरी शकते, ‘मी तिकडून काम करू का?’ चाकणच्या प्रॉडक्शन इंजिनिअरला हा प्रश्न विचारण्याचीही सोय नाही. प्रेस शॉप लॅपटॉपमध्ये मावत नाही.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. जोडीदारामागोमाग परक्या मुलखात येणारी माणसे या पट्ट्याला नवी नाहीत. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत जर्मन, कोरियन, जपानी अभियंते येतात, त्यांच्याबरोबर त्यांच्या बायका येतात, क्वचित नवरेही. कामाचा व्हिसा अभियंत्याला मिळतो. जोडीदाराला मिळतो तो ‘एक्स’ वर्गाचा प्रवेश व्हिसा, आणि त्यावर नोकरी करता येत नाही. आपल्या मायदेशी शिक्षिका किंवा परिचारिका असलेली बाई इथे वाकडच्या उंच इमारतीत दिवस काढते, ते आपण पाहिलेले असते. तिच्याकडे पाहताना तिचे काय सुटले आहे, हा विचार आपण फारसा केला नाही. आता तोच प्रश्न उलट दिशेने आपल्या घरात आला आहे.

नियमाच्या पुस्तकात बायको कुठे होती

प्रश्नाची मुळे सेवेच्या स्थापनेइतकीच जुनी आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीत आपल्याकडचे ठळक नाव आप्पासाहेब पंत यांचे. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींचे हे पुत्र १९४८ साली पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले; मग गंगटोक, आणि पुढे जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम. त्यांच्या पत्नी नलिनीदेवी एफआरसीएस झालेल्या डॉक्टर होत्या. पंतांच्या चरित्रात ही शहरांची माळ भूषण म्हणून येते. तीच माळ एका डॉक्टरच्या नजरेने वाचली तर प्रत्येक शहर म्हणजे नवी भाषा, नवी वैद्यकीय नोंदणी आणि नव्याने मिळवायची परवानगी. दुसऱ्या वाचनाची सवय आपल्याला फार उशिरा लागली.

नियमांचीही तीच गत होती. १९६१च्या परराष्ट्र सेवेच्या आचरण व शिस्त नियमांतला ८(२) हा नियम सांगत असे की सेवेतल्या स्त्रीने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि लग्नानंतर संसारामुळे तिच्या कामात अडथळा येईल असे सरकारला वाटले तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. भरतीच्या नियमांत १८(४) होता; त्यानुसार विवाहित स्त्रीला सेवेत नेमणुकीचा हक्क नव्हता. पुरुषांना यातले काही लागू नव्हते. कोडगूच्या सी. बी. मुथम्मा १९४९ साली सेवेत आल्या, स्पर्धा परीक्षेतून परराष्ट्र सेवेत आलेल्या त्या पहिल्या स्त्री. बढतीत डावलले गेल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर १९७९मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. तोवर मुथम्मांना बढती मिळाली होती म्हणून याचिका निकाली निघाली, पण या नियमांमधला स्त्रियांविरुद्धचा भेद उघड आहे, असे न्यायालयाने कठोर शब्दांत नोंदवले. १८(४) हा नियम १९७३ सालीच वगळला गेला होता आणि ८(२) वगळण्याचे काम चालू असल्याचे सरकारने न्यायालयाला सांगितले.

हा निकाल स्त्री-अधिकाऱ्यांच्या हक्काचा म्हणून ओळखला जातो आणि तो तसा आहेच. पण जोडीदाराच्या प्रश्नाशीही त्याचे नाते आहे. त्या नियमांमागे एक गृहीत होते: अधिकारी पुरुष, आणि बरोबर येणारी व्यक्ती बायको, जिला वेगळी नोकरी नाही. म्हणूनच अधिकारी स्त्री असली की तिचा संसार नियमकर्त्यांना अडचण वाटला. तिचा नवरा तर त्यांच्या कल्पनेतही नव्हता.

इतर देशांत वेगळे नव्हते. ब्रिटनच्या परराष्ट्र सेवेत १९४६ साली स्त्रियांना प्रवेश मिळाला, पण लग्न झाले की सेवा सोडावी लागे; ही अट १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. अमेरिकेत राजनैतिक अधिकाऱ्याच्या मूल्यमापनात त्याची बायको पाहुणचार कसा करते याचीही नोंद होत असे. १९७२च्या आदेशाने ते थांबले आणि बायको ही सरकारची बिनपगारी नोकर नाही, स्वतंत्र व्यक्ती आहे, हे मान्य झाले. १९७३ साली हॅना पापानेक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अशा व्यवस्थेला नाव दिले, दोन माणसांची एक कारकीर्द: पगार एकाचा, राबणारे दोघे. १९७५ साली हिलरी कॅलन यांनी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या बायकांच्या आयुष्याचा मानववंशशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. ब्रिटनमधल्या त्यांच्या संघटनेच्या नावातला प्रवास बोलका आहे: आधी ‘वाइव्हज’, मग ‘स्पाउजेस’, आता ‘फॅमिलीज’.

पहिली चार वर्षे

चर्चेत बहुधा दूतावास, मेजवान्या आणि पासपोर्टचा रंग यांवर बोलले जाते. माझ्या मते निर्णायक आहे ते कॅलेंडर. निवडीनंतर अधिकारी मसुरीला पायाभूत प्रशिक्षणासाठी जातो, साधारण तीन-साडेतीन महिने. मग दिल्लीत जुन्या जेएनयू आवारातली सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था. मध्ये भारतदर्शन, लष्करी तुकड्यांबरोबरचे दिवस, राज्यातले आणि मंत्रालयातले शिक्षण. या साऱ्या काळात अधिकारी वसतिगृहात किंवा प्रवासात असतो. जोडीदार बरोबर जाऊन करणार काय? पिंपरीतली नोकरी याच वेळी सोडली तर ती बहुतेक वेळा घाईच ठरते.

मग येतो भाषावाटपाचा दिवस. प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकी भाषा मिळते आणि ती शिकायला तो तृतीय सचिव म्हणून पहिल्या नेमणुकीवर जातो: अरबीला कैरो, जपानीला टोकियो, स्पॅनिशला माद्रिद, रशियनला मॉस्को, चिनीला बीजिंग. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सेवा पक्की होते. अब्दुललाटसारख्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावातून १९८३ साली सेवेत आलेल्या ज्ञानेश्वर मुळे यांची पहिली नेमणूक टोकियोला झाली, ती जपानीच्या वाटेने. जोडीदाराच्या दृष्टीने हा दिवस निकालाच्या दिवसापेक्षा मोठा. जपानी मिळाली आणि नवरा चाकणला जपानी कंपनीत असला, पुण्यात बसून जपानीच्या परीक्षा दिलेल्या असल्या, तर दार थोडे किलकिले होते. जर्मन मिळाली तर मॅक्सम्युलर भवनात घालवलेल्या संध्याकाळी कामाला येतात. दुसरी एखादी भाषा मिळाली तर पाटी कोरी. या वाटपात गुणक्रम आणि अधिकाऱ्याची पसंती पाहिली जाते. जोडीदाराचा व्यवसाय हा निकष नाही.

त्यानंतर साधारण तीन वर्षांची एकेक नेमणूक, खडतर ठाण्यांवर दोन. भारताची दोनशेच्या वर दूतावास-वकिलाती आहेत आणि त्यांची राहणीमानाप्रमाणे वर्गवारी होते. घर, उपचार, मुलांचे शिक्षण, मायदेशी येण्याचा प्रवास यांची सोय १९६१च्याच वेतन-भत्ता नियमांत आहे, आणि ती चांगली आहे. कुटुंब उपाशी राहत नाही. प्रश्न पोटाचा नसून कामाचा आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. कारण ‘एवढे सगळे मिळते, मग तक्रार कसली’ हे वाक्य घरातून पहिल्यांदा येते.

कायदा कुठवर साथ देतो

१९६१च्या व्हिएन्ना कराराचे ४२वे कलम राजनैतिक अधिकाऱ्याला यजमान देशात स्वतःच्या लाभासाठी धंदा किंवा व्यवसाय करायला मनाई करते. कुटुंबीयांबद्दल तिथे शब्द नाही. ३७वे कलम त्यांना अधिकाऱ्यासारखीच अभये देते. म्हणजे कुटुंबीयाने काम करण्यावर करारात थेट बंदी नाही, पण अभय असलेली व्यक्ती नोकरी करू लागली आणि वाद झाला तर मालकाने दाद कुठे मागायची, ही अडचण उरते. ३१व्या कलमात त्याचा एक धागा आहे: अधिकृत कामाबाहेरच्या व्यवसायातून उभ्या राहणाऱ्या दिवाणी दाव्याला अभय लागू नाही.

यातून वाट म्हणून देशोदेशी द्विपक्षीय करार झाले. भारतानेही अनेक देशांशी केले आहेत. त्यांचा साचा बहुतेक सारखा असतो. जोडीदाराने दूतावासामार्फत अर्ज करायचा, यजमान देशाने परवानगी द्यायची, त्या कामापुरते दिवाणी अभय सोडायचे, कर तिथलाच भरायचा, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की परवानगी संपली. पदव्या आपोआप मान्य होत नाहीत. आपल्या बाजूने मंत्रालयाचीही परवानगी लागते. ज्या देशाशी करार नाही तिथे प्रत्येक अर्ज स्वतंत्र, आणि तीन वर्षांच्या मुक्कामात सहा-आठ महिने कागदातच गेले तर मालक थांबत नाही.

लॅपटॉपवरून भारतातल्याच कंपनीचे काम करण्याचा मुद्दा यात नवा आहे. काम कंपनीचे पुण्यातले, खुर्ची पॅरिसमधली. हे यजमान देशातले काम मानायचे की नाही, त्याला परवानगी लागते का, कर कुठे, यावर देशागणिक वेगळे उत्तर मिळते. द्विपक्षीय करारांचा साचा ठरला तेव्हा अशी नोकरी कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती.

सरकारी नोकर जोडीदाराची गोष्ट वेगळी. मुळे यांच्या पत्नी साधना शंकर या भारतीय महसूल सेवेतल्या अधिकारी आणि लेखिका. अशी दोन सेवांची घरे नवी नाहीत. पती-पत्नीला एका ठिकाणी नेमावे असे केंद्राचे २००९चे धोरण आहे, पण आयकर कार्यालय कैरोत नसते. मग उरते असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. केंद्राच्या रजा नियमांत सलग पाच वर्षांहून जास्त रजा सामान्यतः मिळत नाही. परदेशातल्या दोन नेमणुका मात्र सहज सहा वर्षे होतात. खासगी नोकरीत तेवढाही आधार नाही. चाकणच्या कामगार-अभियंत्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी: भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाला १० वर्षांची सेवा लागते. आठव्या वर्षी नोकरी सोडताना पैसे काढून घेण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतले तर ती आठ वर्षे पुढच्या नोकरीला जोडता येतात. निरोपाच्या गडबडीत हे बहुधा राहून जाते.

मते कशी विभागली आहेत

पहिली बाजू म्हणते, पहिल्यापासून बरोबर राहा. परका देश, नवी भाषा, लहान दूतावास. पहिली नेमणूक एकट्याला जड जाते. तिथेच दोघांचे मिळून एक जग तयार झाले नाही तर पुढे ते होत नाही. या बाजूला असेही वाटते की राजनैतिक काम घराच्या दिवाणखान्यातही चालते आणि जोडीदाराचा त्यातला वाटा हा खरा, मानाचा वाटा आहे. यात तथ्य आहे. मात्र तो वाटा मानाचा असेल तर तो स्वखुशीचा असला पाहिजे, हे याच बाजूच्या अनेक जणी अलीकडे स्पष्ट सांगतात.

दुसरी बाजू सबुरीची. भाषा ठरेपर्यंत आणि सेवा पक्की होईपर्यंत नोकरी सोडू नका, भेटीगाठींवर भागवा, मग ठरवा. या पट्ट्यातल्या घरांना ही बाजू चटकन पटते, कारण मोशीच्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो. तिचा कच्चा दुवा असा की दोन वर्षांची चार होतात, मूल होते, आणि तात्पुरते म्हणून पत्करलेले वेगळे राहणे हीच घराची रीत बनते.

तिसरी बाजू कामच बदला म्हणते: कारखान्यातून संकल्पचित्रांकडे, गुणवत्ता-प्रशिक्षणाकडे, भाषांतराकडे, शिकवण्याकडे. मॉस्को, काठमांडू आणि तेहरानला केंद्रीय विद्यालये आहेत. काही ठिकाणी जोडीदारांना तिथे शिकवता येते. पण टूलरूमच्या माणसाला ‘तू ऑनलाइन काही तरी कर’ असे सांगणे म्हणजे सुताराला चित्र काढायला सांगण्यासारखे आहे. दोन्हीत लाकूड असेल कदाचित, हात वेगळे लागतात.

चौथी बाजू प्रश्न घरातून उचलून सरकारपुढे ठेवते. अमेरिकेने १९७८ साली परराष्ट्र खात्यात कुटुंबांसाठी स्वतंत्र कार्यालय काढले, त्यात जोडीदारांच्या रोजगाराचेही काम होते. आपली सेवा लहान, हजाराच्या आसपास अधिकाऱ्यांची. सहज न होणारी गोष्ट नाही ही, असा या बाजूचा दावा. उलट मत असे की ही सेवा निवडतानाच बदल्या माहीत असतात, आणि सीमेवरच्या जवानाच्या किंवा बदलीच्या नोकरीतल्या बँक कर्मचाऱ्याच्या घरालाही हेच सोसावे लागते. तुलना न्याय्य आहे, पण एका जागी अपुरी पडते. बँकेची बदली नांदेडला झाली तर बायको तिथे नोकरी शोधू शकते. तिला त्यासाठी दुसऱ्या देशाची परवानगी लागत नाही.

नवरा बरोबर जातो तेव्हा

अधिकारी स्त्री आणि मागोमाग जाणारा नवरा, ही जोडी आता दुर्मीळ राहिलेली नाही. कायद्यापुढे नवरा आणि बायको सारखेच. समाजापुढे नाहीत. सुनेने नोकरी सोडली तर तिचे कौतुक होते, निदान कोणी कारण विचारत नाही. मुलाने सोडली तर त्याच्या आईला मंगळागौरीला, जत्रेला, गावच्या लग्नाला दर वेळी खुलासा द्यावा लागतो. चाकणच्या पाळीत सुपरवायझर म्हणून चाळीस माणसे सांभाळलेला तरुण परक्या शहरात दुपारी मुलाला शाळेतून आणायला उभा राहतो, तेव्हा त्याच्यासमोर त्याच्या वडिलांचा किंवा काकांचा कुठलाही नमुना नसतो. बायकांच्या पिढ्यांनी जे अबोलपणे सोसले ते त्याला नव्याने, आणि बहुधा एकट्याने, शिकावे लागते. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण नवऱ्याच्या वाट्याला आल्यावरच घरे या प्रश्नाला प्रश्न म्हणू लागली आहेत. आधीच्या बायकांचे सुटलेले काम तोवर कुणाच्या हिशेबातच नव्हते.

म्हातारे आईवडील हा याच धाग्याचा दुसरा पदर. निगडी प्राधिकरणातल्या बैठ्या घरात दोघेच उरलेले, मुलगा-सून परदेशी. अधिकाऱ्याच्या आईवडिलांचा विचार घरात होतो, जोडीदाराच्या आईवडिलांचा क्वचित. एकुलत्या मुलींच्या घरी ही बाजू फार खुपते.

परत येणे म्हणजे कुठे येणे

जवळजवळ सगळी चर्चा जाण्याभोवती फिरते. परतण्याविषयी फार थोडे बोलले गेले आहे. दोन-तीन परदेशी नेमणुकांनंतर अधिकारी मायदेशी येतो, पण मायदेश म्हणजे दिल्ली. मंत्रालय तिथे आहे. पुण्यात किंवा मुंबईत परराष्ट्र सेवेतल्या माणसाला बसायच्या खुर्च्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे ‘सहा वर्षांनी परत चाकणला रुजू होईन’ हा हिशेब बहुधा चुकतो. मधल्या सहा वर्षांत डिझेलच्या इंजिनांच्या शेजारी विजेच्या गाड्यांची लाइन लागलेली असते, आणि नव्या लाइनवर सहा वर्षांपूर्वीचा अनुभव किती धरायचा, हे मुलाखत घेणारा ठरवतो.

पण दिल्लीला लागूनच गुरुग्राम-मानेसरचा पट्टा आहे, मारुतीचा आणि तिच्या शेकडो व्हेंडरांचा. डाय, ऑडिट, पीपीएपी, सगळे तेच, बोली हिंदी-हरियाणवी. अशा जोडप्यांनी पहिल्या परदेशी नेमणुकीआधीच हे ओळखून दिल्लीतल्या प्रशिक्षणाच्या वर्षातच चाकणच्या कंपनीतून तिच्याच मानेसरच्या शाखेत बदली मागावी, असे सुचवले जाते. म्हणजे परतल्यावर ओळखीचे दार तरी शहरातच असेल. कंपनी तीन वर्षे ती जागा राखून ठेवील का, बिनपगारी रजा देईल का, आणि पवनाकाठी वाढलेल्या माणसाचे मन मानेसरला रमेल का, यांतल्या पहिल्या दोन गोष्टी निदान मनुष्यबळ खात्याच्या टेबलावर विचारता येतात. भाषावाटपाच्या दिवसाआधी विचारल्या तर अधिक बरे.